घोट्यापाशी लाल टाका

आमच्या घरात साऱ्या गावाचे कपडे असायचे, फक्त आमचे नसायचे. भिंतीवरच्या सुतळीला लोकांची झंपरं लटकलेली, ट्रंकेवर लोकांच्या पोरींचे पंजाबी ड्रेस घडी घालून ठेवलेले, मशीनच्या फळीवर कुणाच्या तरी लग्नाचं ब्लाउजपीस. आणि मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, रूपाला, मिळून बाहेर जायचा ड्रेस एक. मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आणि हाडापेरानं रुंद. त्यामुळं रूपाला घालायचा असला की आई दोन्ही कुशींना आतून टीप मारून द्यायची, आणि मला घालायचा असला की तीच टीप उसवायची. एकाच आठवड्यात दोघींना दोन लग्नांना जायचं आलं तर टीप दोनदा पडायची, दोनदा निघायची. कापडाला तिथं बारीक भोकांची रांगच झाली होती. उन्हात धरलं की त्यातनं उजेड दिसायचा. आई म्हणायची, "कुणी विचारलंच तर जाळीची फ्याशन हाय म्हणून सांगा." आम्ही सांगायचो. विश्वास कुणी ठेवायचं नाही.

डाळजला महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, त्यातली पुढची मशीनची. बाहेर सोलापूरकडं जाणारे ट्रक आणि आत मशीनची खडखड, या दोन आवाजांत मी लहानाची मोठी झाले. अजूनही एकदम शांत खोलीत मला झोप लागत नाही. आई चौथी शिकलेली. शिवण तिला कुणी शिकवलं नव्हतं. जुनी झंपरं उसवून, त्यांचे तुकडे वर्तमानपत्रावर पसरून ती शिकली होती. तिचे दोन नियम होते. पहिला, उरलेलं कापड, मग ते बोटाएवढं का असेना, ड्रेसच्या घडीत बांधून परत द्यायचं. "ठेवा की काकू" असं कुणी आपणहून म्हटलं तरच ते आमचं. त्याच कात्रणांतनं आमचे गोंडे, बटवे, बांगड्यांवर गुंडाळायच्या कापडी पट्ट्या व्हायच्या. दुसरा नियम लाल टाक्याचा. शिवणाऱ्या बाया गिऱ्हाइकांचे कपडे आधी आपणच लग्नाला मिरवून घेतात, असा एक बोलवा आमच्याकडं फार होता. म्हणून आई प्रत्येक कपड्याच्या तोंडाशी, झंपराच्या बाहीला, सलवारीच्या पायाला, आतल्या बाजूनं दोन्ही पदर जोडणारा लाल दोऱ्याचा एक कच्चा टाका घालून ठेवी. हात किंवा पाय घातल्याशिवाय तो तुटत नसे. कपडा देताना ती म्हणे, "टाका तुजा तू तोड." म्हणजे हा कपडा कोरा आहे, तुझ्या आधी कुणाच्या अंगाला लागलेला नाही. बाया हसायच्या, पण घरी जाऊन टाका बघायच्या नक्की.

वडलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते उसाच्या हंगामात माळेगावच्या कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर असत, पंधरा दिवसांनी घरी येत. येताना गुऱ्हाळातली काकवी बाटलीत भरून आणत, आणि भिगवणात उतरून चिलापी घेत. ताजी, कधी कधी पिशवीत अजून हलणारी. मासळीच्या हातानं आई कापडाला शिवायची नाही. हात चुलीच्या राखेनं घासले, लिंबानं घासले तरी वास राहतो म्हणायची. त्यामुळं मासळीचा दिवस म्हणजे मशीन बंदचा दिवस. लाल तिखट लावून तव्यावर परतलेली चिलापी, बाजरीची भाकरी, शेवटी भाकरीच्या तुकड्यावर काकवी, आणि आई आमच्यात बसलेली, हातात सुई नाही. आमच्या घरातली सुट्टी ती. एरवी आई मला बहुतेक पाठमोरीच आठवते.

बारावीनंतर मी बारामतीला कॉलेजला गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं, बाई सोडाच, गडीसुद्धा. होस्टेलवर सोडायला तात्या आले होते. फाटकातच थांबले. म्हणाले, "सवीबाय, मी आत येत न्हाय. माझी पायताणं बघून तुला कुनी कायतरी म्हनंल." मी म्हणाले, "चला की तात्या." पण म्हणाले ते हळू आवाजात, आणि ते आले नाहीत याचं मला बरं वाटलं. तेव्हापासूनच ते माझ्यात होतं म्हणायचं, जे पुढं आईला भोवलं.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कळलं की सलवारीचे दिवस संपलेत. सगळ्या पोरींच्या पायांत लेगिंग. माझ्या वर्गात प्राजक्ता होती, बारामतीतलीच, वडील बँकेत. मनानं चांगली पोरगी, आणि शिकवायची हौस फार. एकदा लेडीज रूममध्ये तिनं मला आरशासमोर उभं केलं आणि माझ्या घेरदार सलवारीकडं बघत म्हणाली, "सविता, यात तू अजून दोन मुली लपवल्यायस का?" मग तिनं मला लेगिंगचं शास्त्र सांगितलं. "लेगिंग म्हणजे पँट नव्हे, हे आधी डोक्यात घे. वरचा कुर्ता मांडी झाकणाराच हवा. कुर्ता नक्षीचा असेल तर लेगिंग साधी, कुर्ता साधा असेल तर लेगिंग रंगाची. अंगाच्या रंगाची तर कधीच नको. लांबून बघणाऱ्याला वाटतं घालायचीच विसरली. घोट्यापाशी दोन-चार चुण्या पडू दे, चुडीदारासारखा ढीग नको. कानात झुमके मोठे असतील तर गळा मोकळा सोड. एका हातात कडं, दुसऱ्यात घड्याळ, बस. सगळं एकदम घातलं की माणूस दुकानासारखं दिसतं." आज मी माझ्या गिऱ्हाइकांना जे सांगते त्यातलं निम्मं प्राजक्ताचंच आहे. ती बोलत असताना तिचं लक्ष माझ्या ओढणीच्या गोंड्यांकडं गेलं. कात्रणांचे, हिरव्या-जांभळ्या रंगांचे, आत कापूस भरून आईनं केलेले. "किती गोड आहेत. कुठून घेतलेस?"

मी म्हणाले, "पुण्यातनं."

आईच्या हाताला नाव ठेवायला कुणी आलं नव्हतं. उलट कौतुक चाललं होतं. तरी मी खोटं बोलले. ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तिकडं डाळजलाही वारं पोचलं होतं. पोरी आईकडं नुसता कुर्ता टाकायला लागल्या. "खालचं नको काकू, लेगिंग हाय." ड्रेसमधली निम्मी शिलाई गेली. आई हात बांधून बसणाऱ्यातली नव्हती. तिनं शेजारच्या सुमनकाकूंच्या पोरीची लेगिंग मागून आणली, वर्तमानपत्रावर पसरली, कोळशानं कडा मारल्या. मग भिगवणच्या बाजारातनं काळं होजिअरीचं कापड आणलं. एका शनिवारी मी घरी आले तेव्हा तिनं पहिली लेगिंग शिवून ठेवली होती, माझ्या मापाची.

"कशी हाय?" तिनं विचारलं.

मी ती उचलली. शिवण सरळ, दुहेरी, एक टाका इकडचा तिकडं नाही. पण कंबरेला इलास्टिकऐवजी नेफा होता आणि त्यातनं पांढरी नाडी लोंबत होती.

"नाडी कशाला आई?"

"इलास्टिक चार धुन्यांत जातंय. नाडी जल्मभर टिकती." मग तिनं माझ्या हातातनं ती घेतली, दोन्ही मुठींत धरून शिवण ताणली. "हे बग. हातानं ताणली तर धरती. पर बनियनचं कापड अंगावर कसं वागतं ते हाताला कळत न्हाय. रूपाला ही ढिली व्हनार, आन् मी लुगड्यातली बाई, मी कुठं घालू? तू घाल. चांगली चार दिस घाल. जिना चढ, उतर, उकिडवी बस, एसटीत बस. आसनापाशी न् गुडघ्यापाशी शिवण धरती का सुटती, ते मला सांग. मग मी गावातल्या पोरींच्या घेती."

आसन म्हणजे दोन पाय जिथं जुळतात ती शिवण. सगळा ताण तिथं. आईला नेमकी शंका तिथलीच होती. तिनं सगळं नीट विचारलं होतं, नीट सांगितलं होतं. कसर तिच्याकडनं काही राहिली नव्हती.

मी लेगिंग बॅगेत घातली आणि वडापच्या जीपनं भिगवण, तिथनं एसटीनं बारामती अशी होस्टेलवर गेले. सोमवारी सकाळी ती काढली. नाडीकडं बघितलं. कुर्ता जरा वर सरकला आणि ती पांढरी नाडी प्राजक्ताला दिसली तर, एवढंच डोक्यात आलं. घडी केली आणि ट्रंकेच्या तळाला ठेवली. म्हटलं, उद्या घालू. त्याच आठवड्यात प्राजक्तानं तिची एक मरून लेगिंग मला दिली. "मला सैल होते, तुला बसेल." रुंद इलास्टिकची, दुकानातली. ती मी घातली, साध्या पांढऱ्या कुर्त्याखाली, कानात झुमके, गळा मोकळा, एका हातात कडं. वर्गातल्या दोघी-तिघींनी वळून बघितलं. मग उद्या आलाच नाही.

शनिवारी आई दारातच उभी. "व्हय गं, धरली का शिवण?"

"मस्त बसली आई."

"उकिडवी बसलीस?"

"बसले की."

"गुडघ्याला पोक आला का?"

"अजून तर नाही."

"मग घालून का न्हाय आलीस? बघितली आस्ती मी बी."

"धुवून वाळत घातलीय होस्टेलवर."

एका खोट्याला किती बारीकसारीक गोष्टींचं अस्तर लावावं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. आणि ते मला फार सहज जमतं, हेही कळलं. पुढच्या दोन शनिवारीही तिनं विचारलं. मी म्हणाले, कॉलेजातल्या पोरी कुठनं घेतली म्हणून विचारतात. या वाक्यानं तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर ते खरंच वाटलं. मनात म्हटलं, शिवण दिसायला तर भक्कम आहे, दुहेरी आहे, धरेलच की. आईची शिवण आजवर कधी सुटलीय?

त्याच सुमारास रूपाच्या शाळेत झेंडावंदनाला पोरींचं लेझीम बसवायचं ठरलं. शाळेच्या कदमबाई आमच्या घरी आल्या. सलवारी पायांत अडकतात, सगळ्या पोरींना सारखे पांढरे कुर्ते आणि काळ्या लेगिंग करू, गावातच काम होईल, असं म्हणाल्या. चोवीस पोरी. आईनं आयुष्यात एवढं मोठं काम कधी घेतलं नव्हतं. शाळेच्या समितीतले शंकरआबा बरोबर आले होते, त्यांना ते पटत नव्हतं.

"पोरींना तंग तुमान घालनार म्हंजी काय? तालीम हाय का शाळा हाय?"

आई पदर सावरत म्हणाली, "आबा, चुडीदारच हाय ती. नुसत्या चुन्या काढल्यात."

"आन् कापड बनियनचं?"

"तुमी घालताच की बनियन. तुमाला कुनी काय म्हनतं का?"

कदमबाईंनी तोंडाला रुमाल लावला. आबा हसले नाहीत, पण उठताना म्हणाले, "कुडतं तेवढं लांब ठेव म्हंजी झालं." आई म्हणाली, "ते तर ठेवनारच. माझी सवी बारामतीस्नं शिकून आलीय, लेगिंगवर कुडतं मांडी झाकनारंच लागतं." आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. दोघं गेल्यावर तिनं मला शेवटचं विचारलं. माझ्या डोळ्यांकडं बघून विचारलं.

"सवे, घेऊ ना मी काम? तुजी धरली तशीच शिवती म्हंजी."

"घे की. धरतीय म्हटलं ना."

तेव्हा बोलता आलं असतं. पिशवीतच होस्टेलवरच्या ट्रंकेची किल्ली होती. नुसतं "थांब, अजून एकदा घालून बघते" एवढं म्हणायचं होतं, त्यात तर कबुलीही नव्हती. आज इतक्या वर्षांनी अगदी कुठल्याही वेळी, दुकानात कुणाचं माप घेताना, भाजी निवडताना, हे वाक्य माझ्या तोंडात येतं. तेव्हाच फक्त आलं नाही.

तीन आठवडे मशीन थांबलं नाही. तात्या मासळी घेऊन आले तर आईनं ती सुमनकाकूंकडं देऊन टाकली, हाताला वास नको म्हणून. चोवीस कुर्ते, चोवीस लेगिंगा, घोट्यापाशी चोवीस लाल टाके. सराव पोरी गणवेशातच करत होत्या. नवे कपडे झेंडावंदनाच्या सकाळी शाळेतच वाटले, म्हणजे मळायला नकोत. मी आदल्या दिवशीच घरी आले होते आणि सकाळी आईबरोबर शाळेत होते. एका वर्गाचं दार लावून पोरी कपडे घालत होत्या, एकमेकींना ओरडून सांगत होत्या, "माझा टाका तुटला, तुजा तुटला का?" त्या मैदानावर गेल्या तेव्हा मी आत डोकावले. फरशीवर सगळीकडं लाल दोऱ्याचे बारीक तुकडे पडले होते. मला ते फार सुंदर वाटलं. माझ्या लेगिंगच्या टाक्याची आठवण तेव्हाही झाली नाही.

हलगी सुरू झाली. पोरी खरंच देखण्या दिसत होत्या. पांढरे लांब कुर्ते, काळे पाय, डोक्याला केशरी फेटे, रूपा दुसऱ्या रांगेत. आई बायांमध्ये पुढं बसली होती. लेझीम तिला कुठलं दिसतंय, ती पोरींच्या गुडघ्यांकडं बघत होती. पहिले चार हात उभ्यानं झाले. मग शिट्टी वाजली आणि चोवीस पोरी एकदम खाली बसल्या, उठल्या, बसल्या. लेझमांच्या खणखणाटात आधी कुणाला काहीच ऐकू आलं नाही. पण आईला आलं असावं, कारण तिची पाठ एकदम ताठ झाली. मग एक पोरगी बसली ती उठलीच नाही. तिच्या शेजारची उठली आणि दोन्ही हातांनी कुर्त्याच्या कडा धरून उभी राहिली, लेझीम पायांशी. मग तिसरी. रांग मोडली, हलगीवाला भांबावून आणखी जोरात वाजवायला लागला. मागनं पोरांचा हशा आला. रूपा मैदानाच्या मधोमध उकिडवी बसून होती, कुर्ता गुडघ्यांखाली खेचून, आणि गर्दीत मला शोधत होती. मला, आईला नव्हे. शिवण धरते असं सगळ्या मैत्रिणींना माझ्या नावानं तिनंच सांगितलं होतं.

आई उठली. सगळ्यांसमोर मैदानात चालत गेली. सुमनकाकू तिच्या मागं, मग आणखी बाया, आणि त्यांनी पोरींना पदराआड घेऊन वर्गात नेलं. कुर्ते लांब होते म्हणून फार काही दिसलं नाही. तेवढं एक मी खरं सांगितलं होतं.

गावानं फार मनावर घेतलं असंही नाही. नळावर एकजण म्हणाली, "माझ्या झंपराला तट्तट शिलाई नगं गं बाई," बाकीच्या हसल्या, संपलं. शंकरआबा तर काहीच बोलले नाहीत, आणि आईला तेच जास्त लागलं. चोवीसच्या चोवीस लेगिंगा तिनं घरोघर जाऊन परत आणल्या आणि त्यांच्या बदली सुती सलवारी शिवून दिल्या, लाल टाक्यासकट. त्या आठवड्यात ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, रागानं नाही, कोडं पडल्यासारखं. "सवीची धरली. तीच शिलाई, त्योच दोरा, त्योच गठ्ठा कापडाचा. मग यास्नी काय झालं?" होस्टेलवर निघताना ती मला म्हणाली, "पुढल्या खेपेला तुजी लेगिंग आण. उलटी करून बघती, काय फरक हाय."

मी तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. खरं सांगायचं असं तीनदा ठरवलं. शेवटी मी काय केलं, तर ती कोरी लेगिंग ट्रंकेतनं काढली, साबणात बुडवली, दगडावर आपटली, वाळवली, पुन्हा धुतली. गुडघ्यांपाशी दोन्ही हातांनी ओढून ओढून पोक आणला. वापरलेली दिसायला लागेपर्यंत तिच्या मागं लागले. एवढं केलं, पण पाय तिच्यात घातला नाही. घातला तर सुटेल, ही भीती.

शनिवारी आईनं ती माझ्या हातातनं घेतली आणि उजेडाला दारात बसली. रूपा आत अभ्यास करत होती. आईनं लेगिंग उलटी केली, आसनापासनं बोट फिरवत फिरवत मांडीची शिवण बघितली, गुडघ्याशी थांबली, कापड चिमटीत धरून बघितलं. मग खाली घोट्याशी आली. तिथं बोट थांबलं.

लाल टाका तसाच होता. दोन धुण्यांत त्याचा कच्चा रंग उतरून भोवती कापडाच्या शिवणीवर, आतल्या बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्यावर, गुलाबी डाग पडला होता. ज्या घरात तो टाका रोज डोळ्यांसमोर असे, त्या घरातल्या मला तो दिसला नव्हता.

महामार्गावरनं ट्रक जात होते. मला वाटलं आता विचारेल, मग मी सांगेन. तिनं विचारलं नाही. टाका दातांनी तोडला, दोरा बोटाला गुंडाळला, लेगिंग सुलटी करून घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"धुतलीस मातर झकास," ती म्हणाली. आणि चहा ठेवायला आत गेली.

आई माझ्यावर कधी ओरडली नाही, त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. हातातली कामं तिनं पुरी केली आणि नवं कापड घेणं थांबवलं. बाया येत राहिल्या. ती म्हणे, "नजर ऱ्हायली न्हाय गं आता." नजर चांगली होती. ती लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली; माझं उरलेलं कॉलेज त्या खुरप्यावर झालं. मशीनवर चादर पडली. आणि आमच्याकडं मासळी कुठल्याही वारी व्हायला लागली.

पुढं नोकरी मिळेना म्हणून मी पुण्याला एका कारखान्यात होजिअरीचं काम शिकले. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी सांगितलं, ताणणाऱ्या कापडाला सरळ शिलाई चालत नाही, कापड ताणतं आणि दोरा तुटतो. आणि दुहेरी केली तर आणखी लवकर. वळणाची शिलाई घ्यायची, दोरा लवचीक, मशीनचा ताण सैल. एवढंच. मी एकदा घातली असती, होस्टेलच्या जिन्यावर बसले असते, तट् आवाज ऐकला असता आणि शनिवारी उसवलेली लेगिंग आईपुढं टाकली असती, तर वर्तमानपत्रावर तुकडे पसरून जी बाई झंपर शिकली, तिनं हेही चार दिवसांत शोधलं असतं. तिला फक्त एक उसवलेली शिवण बघायला हवी होती. ती मी तिला दाखवली नाही.

आई आता थकली आहे. अधूनमधून माझ्या दुकानात येते, पुढं खुर्चीवर बसते, गिऱ्हाइकाशी बोलते. "बाय, एवढं मोठं गळ्यात आन् एवढं मोठं कानात नगं, एक कायतरी काढ," असं एखादीला सांगतेही. मागच्या मशीनच्या खोलीत मात्र जात नाही. मी तिच्याशी त्याबद्दल कधी बोलले नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. ती अजून बोट ठेवून ठेवून वाचते. हे लिहिलेलं तेवढं मोठ्या अक्षरात काढून तिच्याकडं द्यायचं मी ठरवलंय. तोंडानं जमलं नाही ते असं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. इंदापुरात माझं स्वतःचं दुकान आहे, मागं सहा मशीन चालतात, आणि तिथं शिवलेल्या प्रत्येक लेगिंगच्या घोट्यापाशी आतून एक लाल टाका असतो. नवं कापड आलं की पहिली लेगिंग माझ्या मापाची, ती मी घालते. टाका तोडते, जिना चढते, उतरते, उकिडवी बसते. मग बाकीच्या कापायला सांगते.